संपादक आगरकर

मराठी वृत्तपत्रांचा पाया बाळशास्त्री जांभेकर यांनी घातला. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांचे ‘दर्पण’ हे पत्र मुंबईस निघाले. त्यापूर्वी खेड्यापाड्यांतील माणसास राज्यकारभाराची वार्ता कळे, ती एक तर दवंडीवरून, नाही तर बाजारात कानी पडलेल्या गोष्टींवरून. दवंडी सरकारची असे. ती हुकूम सांगे, पण त्या हुकुमाचे कारण सांगत नसे. बाजारातील गोष्ट तोंडातोंडी वाढत जाई आणि तिचा खरेखोटेपणा पाहण्याचे साधन कोणापाशीच नसे. वृत्तपत्र आले आणि ही स्थिती पालटू लागली. काय घडले, का घडले आणि ते योग्य की अयोग्य, याचा विचार सामान्य माणूस करू लागला. लोकांना असे जाणते करण्याच्या कामी ज्यांनी आपले सर्व आयुष्य वेचले, त्यांत गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव फार वरचे आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. शिक्षणासाठी त्यांना नातलगांच्या आश्रयाने राहावे लागले. कऱ्हाड येथे काही इयत्ता झाल्यावर पुढील शिक्षणाची सोय होईना, तेव्हा त्यांनी तेथील कचेरीत कारकुनाचे काम केले. दवाखान्यात औषधे तयार करून देणाऱ्या कंपाउंडरचे कामही केले. पण मनातील विद्येची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. शिकण्याची काही सोय होईल या आशेने ते कऱ्हाडहून रत्नागिरीस पायी गेले. वाटेत सह्याद्रीचा घाट, अंगावर पुरेसे वस्त्र नाही आणि गाठीस पैसा नाही. रत्नागिरीसही त्यांचे बस्तान बसले नाही व त्यांना परत फिरावे लागले. अखेर ते दूर वऱ्हाडात अकोल्यास आपल्या आप्तांकडे गेले आणि तेथून १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

पुढे ते पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांच्यापाशी एकच सदरा होता, असे सांगतात. तो रात्री धुऊन वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात जावे, असा त्यांचा क्रम असे. अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लेख लिहून, वक्तृत्वाच्या व निबंधाच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवून आणि शिष्यवृत्त्यांच्या आधाराने त्यांनी आपला खर्च चालविला. अशा रीतीने, लेखणी हे आपले आयुष्यभराचे शस्त्र होणार आहे हे कळण्यापूर्वीच तिने त्यांचे पोट भरण्यास आरंभ केला होता.

डेक्कन कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळक यांच्याशी मैत्री जडली. दोघेही बुद्धिमान, दोघेही मानी आणि दोघांच्याही मनात देशाविषयी एकच तळमळ. कॉलेजच्या परिसरातील टेकड्यांवर फिरताना ते तासन् तास वाद करीत. आपला देश परतंत्र का झाला? लोकांना शहाणे करावयाचे तर कोणत्या मार्गाने? सरकारी नोकरी धरली तर हे कार्य हातून होणार नाही, हे त्यांनी ओळखले. शिक्षण संपल्यावर मोठ्या पगाराची जागा त्यांना सहज मिळाली असती. घरी आई मुलाच्या वैभवाची वाट पाहत होती. तिला आगरकरांनी पत्र लिहून कळविले, की आपण विपुल पैशाची आशा सोडली आहे आणि पोटापुरते मिळवून उरलेला सर्व वेळ लोकांच्या हितासाठी खर्च करण्याचा आपला निश्चय आहे. दारिद्र्य म्हणजे काय हे ज्याने पुस्तकात वाचलेले नसून अंगावर सोसलेले होते, अशा तरुणाचा हा निश्चय होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

सन १८८० च्या आरंभी विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा काढली. एम. ए. ची परीक्षा देऊन आगरकरही या मंडळींना येऊन मिळाले. परंतु शाळेत येणाऱ्या मुलांनाच शिकवून भागणार नव्हते. जे शेतात राबत होते, दुकानात बसत होते, कचेरीत कारकुनी करीत होते, त्यांची शाळा कोठे भरावयाची? या प्रश्नाचे उत्तर म्हणून वृत्तपत्रे काढण्याचे ठरले. त्या काळी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर सरकारने १८७८ साली एक कडक कायदा लादला होता. तो १८८२ साली रद्द झाला. म्हणजे हा कायदा डोक्यावर असतानाच या तरुणांनी हे धाडस केले. जानेवारी १८८१ मध्ये ‘मराठा’ हे इंग्रजी व ‘केसरी’ हे मराठी अशी दोन साप्ताहिके निघाली. ‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी रोजी बाहेर पडला. त्याचे पहिले संपादक आगरकर होते, तर ‘मराठा’ टिळकांकडे होता. छापखान्याचे सामान एका जागेहून दुसऱ्या जागी हलविण्याची वेळ आली, तेव्हा मजूर न लावता या मंडळींनी ते स्वतः वाहून नेले, असे सांगतात.

वृत्तपत्राचे कार्य कोणते, याविषयी ‘केसरी’च्या चालकांची कल्पना स्वच्छ होती. रात्रीच्या वेळी रस्त्यात दिवे लागलेले असले आणि गस्त फिरत असली, म्हणजे अंधाराचा फायदा घेऊन वाईट कृत्य करणाऱ्यांस धाक राहतो. वृत्तपत्राने अधिकाऱ्यांच्या कारभारावर असाच प्रकाश पाडावा आणि अशीच गस्त घालावी, असे त्यांनी आपले ध्येय सांगितले होते. त्या काळी वाचता येणारी माणसे थोडी होती. पण एकाने मोठ्याने वाचावे आणि दहांनी भोवती बसून ऐकावे, अशा रीतीने एक अंक अनेकांच्या कानी जात असे.

हे दिवा दाखविण्याचे व गस्त घालण्याचे काम किती अवघड आहे, याची परीक्षा पहिल्याच वर्षी झाली आणि ती कोल्हापूरच्या निमित्ताने झाली.

कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी चौथे शिवाजी महाराज होते. ते १८७१ साली लहान वयात दत्तक आले होते. संस्थानचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली कारभारी माधवराव बर्वे पाहत असत. महाराजांना वेड लागले आहे, असे सरकारकडून सांगण्यात येई. उलट महाराज वेडे नसून त्यांना वेडे ठरविण्यात येत आहे आणि त्यांचा अमानुष छळ चालला आहे, अशी कुजबूज कोल्हापुरात व कोल्हापूरबाहेर चालू होती. शिवछत्रपतींच्या गादीवरील तरुण राजाची अशी दशा व्हावी, हे ऐकून महाराष्ट्रातील लोकांची मने व्याकूळ झाली. राजवाड्यात खरोखर काय चालले आहे, हे मात्र कोणासच नीट कळत नव्हते.

अशा वेळी संपादकांच्या हाती काही पत्रे आली. ती कारभारी बर्वे यांनी लिहिलेली आहेत, असे आणून देणाऱ्याने सांगितले. त्यांवरून महाराजांच्या छळात कारभाऱ्यांचाच हात असल्याचे दिसत होते. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी या प्रकरणी घणाघाती लेख लिहिले आणि ती पत्रे पुढे आणली. सगळीकडे खळबळ उडाली. बर्वे यांनी आपली बेअब्रू झाली म्हणून १८८२ च्या आरंभी टिळक व आगरकर यांच्यावर मुंबईस फिर्याद केली.

खटला चालू झाला आणि एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. ती पत्रे खोटी होती. कोणी तरी ती बनावट तयार केली होती. आता काय करावयाचे? आपले म्हणणे कसेही करून पुढे रेटावयाचे, की झालेली चूक कबूल करावयाची? आगरकर व टिळक यांनी चूक कबूल करून क्षमा मागितली. ज्यांच्यावर आपण जाहीरपणे टीका केली, त्यांचीच जाहीरपणे क्षमा मागणे मानी माणसास सोपे नसते. पण सत्याचा कैवार घेणाऱ्याने असत्य हाती आल्याचे कळताच ते टाकून दिले पाहिजे. त्यावाचून त्याच्या शब्दास किंमत उरत नाही. बर्वे यांनी मात्र खटला काढून घेतला नाही.

मुलांनो, येथे दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. महाराजांच्या स्थितीविषयी संपादकांना वाटलेली चिंता खरी होती. ज्याची बाजू मांडण्यास कोणी नाही, त्याची बाजू मांडणे हे वृत्तपत्राचे कर्तव्यच होय. पण चिंता खरी असली म्हणून पुरावा खरा ठरत नाही. पुराव्याची स्वतंत्र पारख करावी लागते. ती पुरती झाली नाही आणि त्यामुळे एका मनुष्यावर खोट्या कागदांच्या आधारे आरोप छापले गेले. गस्त घालणाराने चोर म्हणून कोणाचा हात धरण्यापूर्वी दिवा जवळ नेऊन त्याचे तोंड पाहिले पाहिजे, हा धडा या तरुण संपादकांना फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

या संकटात लोकांनी त्यांना एकटे पडू दिले नाही. जोतीराव फुले यांचे व ‘केसरी’च्या मंडळींचे अनेक बाबतींत मतभेद होते. तरीही जोतीरावांनी आपले स्नेही रामशेट उरवणे यांना सांगून दहा हजार रुपयांच्या जामिनाची व्यवस्था केली. खटल्याच्या खर्चासाठी वर्गणी गोळा झाली, विद्यार्थ्यांनी नाटके केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकणारे गोपाळ कृष्ण गोखले यांनीही अशाच एका प्रयोगात भूमिका घेतली होती. मात्र याच काळात, १७ मार्च १८८२ रोजी, विष्णुशास्त्री चिपळूणकर अकाली निवर्तले आणि या मंडळींचा मोठा आधार गेला.

१७ जुलै १८८२ रोजी निकाल लागला. टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांना ठेवण्यात आले. तेथील अन्न त्यांच्या अंगी लागेना, दोघांचीही प्रकृती खालावली. आगरकरांना तर दम्याची व्यथा होती. पण या दोन मित्रांचा विचार बंदीत पडला नाही. बाहेर टेकडीवर चालणारे वाद आत कोठडीत चालू राहिले. रात्र पुष्कळ झाली तरी त्यांचे बोलणे संपत नसे. देशाची उन्नती कशी व्हावी, समाजातील दोष कसे जावेत, हेच त्यांचे विषय. चांगल्या वर्तणुकीमुळे शिक्षेत काही सूट मिळाली आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघांची सुटका झाली. तुरुंगाबाहेर लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. पुढे आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात तेथील अनुभव लिहिले. तुरुंगातील जेवण, पहारेकरी, कैद्यांचे हाल हे सारे त्यांनी त्यात विनोदाची फोडणी देऊन सांगितले आहे.

कोल्हापूरच्या महाराजांचा शेवट मात्र दुःखद झाला. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या शिपायाच्या पहाऱ्यात ठेवण्यात आले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, अवघ्या विशीतील त्या राजाचा मृत्यू झाला. पत्रे खोटी होती, पण लोकांच्या मनातील भीती अगदीच निराधार नव्हती, हे या घटनेने दाखविले. पुढे १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू छत्रपती होत.

तुरुंगातून सुटल्यावर आगरकर पुन्हा शाळेच्या व पत्राच्या कामी लागले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेजची स्थापना झाली. या दोन्ही कार्यांत त्यांचा मोठा वाटा होता. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतर त्यांनी केले. आपण शाळेत जे वाक्यांचे पृथक्करण करतो, त्या विषयावर ‘वाक्यमीमांसा’ हा ग्रंथही त्यांनी लिहिला. विचार सरळ हवा असेल तर वाक्यही सरळ हवे, ही दृष्टी त्यांच्या सर्व लेखनात दिसते.

हळूहळू टिळक व आगरकर यांच्या मतांतील अंतर वाढत गेले. प्रथम स्वराज्य मिळवावे, समाजातील दोष नंतर दूर करता येतील, असे टिळकांना वाटे. ज्या समाजात बालविवाह होतात, विधवांचे केशवपन केले जाते, मुलींना शिक्षण मिळत नाही आणि जन्मावरून माणूस उच्च किंवा नीच ठरतो, त्या समाजाने आधी आपल्या घरातील अंधार घालविला पाहिजे, असे आगरकरांचे मत होते. ‘केसरी’त आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता येत नाही असे दिसताच १८८७ साली त्यांनी त्याचे संपादकपद सोडले. ज्या पत्रासाठी तुरुंग भोगला, ते पत्र सोडताना त्यांना किती यातना झाल्या असतील! परंतु न पटणारे मत छापण्यापेक्षा त्यांनी पत्र सोडणे पत्करले.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी ‘सुधारक’ हे नवे साप्ताहिक काढले. त्यात मराठी व इंग्रजी असे दोन्ही विभाग असत. मराठी बाजू आगरकर सांभाळीत, इंग्रजी बाजू गोखले पाहत. राजवाड्यावर व कचेरीवर ज्याने दिवा धरला होता, त्याने आता तोच दिवा वाचकाच्या स्वतःच्या माजघरात नेला. सरकारवर टीका केली तर लोक टाळ्या वाजवितात, पण लोकांच्याच रूढींवर टीका केली तर तेच लोक दगड उचलतात. आगरकरांना याचा अनुभव आला. कोणतीही रूढी ती जुनी आहे एवढ्यावरून चांगली मानू नये, तिला बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावे, असे ते लिहीत. मुलामुलींस सारखेच शिक्षण मिळावे, असे ते सांगत. हे विचार तेव्हाच्या कित्येकांना सहन झाले नाहीत. त्यांच्यावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. पुण्यातील काही कर्मठ लोकांनी तर त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. आपली प्रेतयात्रा आपल्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, त्या माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा लेखणी हाती घेतली आणि तोच विचार पुढे लिहिला. कोणाच्या द्वेषाने त्यांची लेखणी कडवट झाली नाही आणि कोणाच्या भयाने ती थांबली नाही.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. वेतन बेताचे, काम फार आणि सोबतीस दमा. रात्री झोप येत नसे, तरी सकाळी वर्ग आणि सायंकाळी ‘सुधारक’चे लेख, हा क्रम त्यांनी मोडला नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांनी लोकनिंदा व ओढग्रस्त या दोन्ही गोष्टी धैर्याने सोसल्या. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, आगरकरांची प्राणज्योत मालवली. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवलेले आढळले. ज्या मित्राशी वर्षानुवर्षे वाद झाला, त्या टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आगरकर गेले, पण त्यांनी लावलेला दिवा विझला नाही. कोल्हापूरच्या ज्या गादीच्या निमित्ताने त्यांना तुरुंगवास घडला, त्याच गादीवरील शाहू महाराजांनी पुढे वृत्तपत्रांचे सामर्थ्य ओळखले. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती, त्यांना त्या पत्रामुळे वाचा फुटली.

आज वृत्तपत्रांच्या जोडीला आकाशवाणी आहे, दूरचित्रवाणी आहे आणि हातातल्या भ्रमणध्वनीवर तर क्षणाक्षणाला वार्ता येऊन थडकतात. आगरकरांच्या काळी संपादक मोजके होते. आज जो कोणी आलेली वार्ता पुढे धाडतो, तो त्या घटकेपुरता संपादकच असतो. म्हणून कोल्हापूर प्रकरणाचा धडा आता आपणा सर्वांसाठी आहे. अन्याय दिसला तर गप्प बसू नये, पण तो सांगण्यापूर्वी हातातील कागद खरा की खोटा हे पारखून घ्यावे. चूक झाली तर ती मोकळेपणाने कबूल करावी आणि सत्य सापडले तर साऱ्या जगाचा रोष झाला तरी ते सोडू नये. आगरकरांच्या चरित्रापासून हे तीन गुण आपण घेतले, तर त्यांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.

स्वाध्याय

१. दवंडी व बाजारातील गोष्ट यांपेक्षा वृत्तपत्र कोणत्या बाबतीत वेगळे होते?
२. ‘केसरी’च्या चालकांनी वृत्तपत्राच्या कार्यास कोणती उपमा दिली? ती कशी योग्य आहे, ते सांगा.
३. कोल्हापूर प्रकरणात संपादकांचे काय बरोबर होते व काय चुकले? तुमच्या शब्दांत लिहा.
४. आगरकरांनी ‘केसरी’ का सोडला?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : अठराविश्वे दारिद्र्य असणे, बस्तान बसणे, वाचा फुटणे, कसोटीवर घासून पाहणे.
६. तुमच्या गावात घडलेल्या एखाद्या घटनेची वार्ता, ती स्वतः पडताळून पाहून, दहा ओळींत लिहा.